शरीराचा जमाखर्च : उपास, अतिसार आणि मूत्रातील कीटोन

(ट्रस्टच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक सभेत प्रशासकाने उभे राहावे, जमाखर्च वाचून दाखवावा आणि आभार मानून खाली बसावे, अशी प्रथा आहे. संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद या अहवालात स्वतंत्रपणे छापलेला आहे. म्हणून आज एका निराळ्या जमाखर्चाविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही आपणांकडे मागतो. हा जमाखर्च शरीराचा आहे, आणि तो वाचता येतो मूत्रतपासणीच्या एका लहानशा रंगीत पट्टीवर. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. परंतु आमच्या डॉक्टरांकडून व परिचारिकांकडून जे समजून घेतले, ते हिशेबाच्या भाषेत आपणांपुढे ठेवावे, असे वाटते.

शरीराचा रोजचा खर्च मुख्यतः साखरेवर चालतो. जेवणातून आलेली साखर ही हातातील रोकड. यकृतात साठवलेली साखर ही बँकेतील चालू खात्यावरची शिल्लक. अन्न बंद झाले की ही शिल्लक मोठ्या माणसाला साधारण एक दिवस पुरते, लहान मुलाला त्याहूनही कमी. त्यानंतर शरीर मुदतठेव मोडू लागते, म्हणजे साठलेली चरबी खर्ची घालते. या चरबीपासून यकृत जे पदार्थ तयार करते त्यांना कीटोन म्हणतात. मेंदूला व स्नायूंना त्यांवर काही काळ काम भागवता येते. मात्र त्यांपैकी दोन पदार्थ आम्लधर्मी असतात; प्रमाण वाढले की रक्तातील आम्लता वाढते, आणि जादा कीटोन मूत्रावाटे बाहेर पडतात. मूत्रातील कीटोन हा स्वतः रोग नव्हे. ठेव मोडली जात आहे, एवढी ती सूचना होय. ती का मोडली जात आहे, हे शोधणे डॉक्टरांचे काम.

मधुमेही रुग्णाच्या मूत्रातील अॅसिटोन प्रथम १८५७ मध्ये ओळखले गेले. पुढील ज्ञानात मुक्या जनावरांचा वाटा मोठा आहे. १८८९ मध्ये मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह जडला, आणि या रोगाचे मूळ कोठे शोधावे ते कळले. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले, तेही गोवंशाच्या स्वादुपिंडापासून काढलेले. पहिल्या इंजेक्शनाने त्याच्या मूत्रातील कीटोन हटले नाहीत. अर्क अधिक शुद्ध करून काही दिवसांनी पुन्हा टोचल्यावर ते नाहीसे झाले. औषध खरे उतरले याची एक साक्ष त्या मुलाच्या मूत्रानेच दिली.

आपल्या जिल्ह्याशीही या विषयाचा एक धागा जोडलेला आहे. १९६९ मध्ये सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ज्यांनी उभी केली, त्या डॉ. सुशीला नायर गांधीजींच्या उपवासांत वैद्यक म्हणून त्यांच्याजवळ असत. १३ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींचा अखेरचा उपवास सुरू झाला. वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. काही दिवसांतच मूत्रात अॅसिटोन दिसू लागल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांची चिंता वाढली. १८ जानेवारीला उपवास सुटला. उपवासाचा अभ्यास असलेल्या, आपल्या निश्चयाने अन्न सोडलेल्या प्रौढाच्या शरीराचा हिशेब जर असा बदलतो, तर जुलाबाने पाणी गमावलेल्या आणि त्यावर घरच्यांनी उपाशी ठेवलेल्या दोन वर्षांच्या बालकाचे काय होत असेल, याचा विचार आपण करावा.

आपल्याकडे पावसाळा सुरू झाला, विहिरी व नाल्यांचे पाणी गढूळ झाले, की अतिसाराचे रुग्ण वाढतात. अशा वेळी 'पोटाला विश्रांती द्या' म्हणून मुलाचे खाणे, कधी कधी पाणीसुद्धा बंद करण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. त्यामागे माया असते, हे आम्ही जाणतो. पण हिशेब उलटा पडतो. जुलाबावाटे पाणी, मीठ व क्षार जातात. त्यांच्याबरोबर आम्लता काबूत ठेवणारा घटकही जातो. उपासाने त्यात कीटोनची आम्लता मिळते. एकाच वेळी दोन्ही बाजूंनी तूट येते. मूल मलूल होते, ओकू लागते, आणि ओकते म्हणून पुन्हा उपाशी ठेवले जाते.

यावरील उपाय आपल्या देशातच मोठ्या प्रमाणावर कसोटीला उतरला. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपातून वाटण्याचे धाडस केले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या उपचाराखालील रुग्णांत शेकडा चारच्याही खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आतड्यात साखर आपल्याबरोबर मिठाला व पाण्याला आत ओढून नेते, हे या जलसंजीवनीचे मर्म होय. आज १ लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅम ग्लुकोज व २.६ ग्रॅम मीठ असते. सोबत दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी द्यावयाची असते. आईचे दूध, भाताची पेज, मुगाची खिचडी, ताक हे चालूच ठेवावयाचे. बाजारातील गोड पेये ही जलसंजीवनी नव्हेत. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच कारणाने.

येथवर गोष्ट सरळ आहे. घोटपाणी मिळाले, थोडे अन्न पोटात गेले, की अशा बालकाच्या मूत्रातील कीटोन सहसा दिवस-दोन दिवसांत ओसरतात. पण याच पट्टीवर शेजारी आणखी एक चौकोन असतो, तो साखरेचा. आमचे बालरोगतज्ज्ञ नव्या परिचारिकांना सर्वप्रथम हे दोन चौकोन एकत्र वाचावयास शिकवतात. कीटोन आहेत आणि साखर नाही, तर बहुधा उपास. कीटोन आहेत आणि साखरही भरपूर आहे, तर तो मधुमेह असू शकतो, आणि मग प्रत्येक तास मोलाचा ठरतो. शरीरात साखरेची रोकड पडून आहे, पण इन्सुलिनरूपी किल्ली नसल्याने तिजोरी उघडत नाही. भरल्या घरात उपासमार, अशी ती अवस्था होय.

बालकांचा मधुमेह पुष्कळदा पोटदुखी, उलट्या व थकवा यांच्या रूपाने प्रथम प्रकट होतो, आणि घरचे लोक त्याला 'पोट बिघडले' म्हणतात. येथे मातांनी एक खूण ध्यानात ठेवावी. जुलाबाने सुकलेल्या मुलाची लघवी कमी होते. मूल सुकत चालले आहे, जीभ कोरडी आहे, तरी लघवी मात्र वारंवार व भरपूर होते आहे, श्वास खोल व जलद चालला आहे, श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येतो आहे, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

घरातील ज्येष्ठांनाही हेच लागू आहे. मधुमेही आजोबांना जुलाब लागले, जेवण गेले, म्हणून घरच्यांनी परस्पर इन्सुलिन बंद केले, असे घडते. जेवण कमी झाल्यावर इन्सुलिनची मात्रा बदलावी लागेल. पण ती किती, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. याउलट, डापाग्लिफ्लोझिनसारख्या ग्लिफ्लोझिन गटातील गोळ्या जुलाब-उलट्यांच्या दिवसांत सामान्यतः थांबवावयास सांगतात, कारण त्यांच्यामुळे रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतात. आपल्या चिठ्ठीवर कोणती गोळी आहे, हे आजारी पडण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

आपल्यापैकी अनेकांच्या दारी गुरे आहेत. आर्वी व कारंजा या तालुक्यांचा गवळाऊ गोवंश प्रसिद्धच आहे. आता संकरित गाईही घरोघरी आल्या. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत दुधावाटे इतकी साखर देऊन बसते की खाण्यातून ती भरून निघत नाही. मग ती आंबोण नाकारते, कडबा मात्र चघळते. दूध उतरते, श्वासाला व दुधाला गोडसर वास येतो. पशुवैद्यक तिचे मूत्र किंवा दूध तपासतात ते याच कीटोनसाठी. रोथेरा यांनी १९०८ मध्ये सांगितलेली परीक्षा अजूनही पशुवैद्यकांच्या उपयोगी पडते, आणि आमच्या पट्टीवरील कीटोनच्या चौकोनाचे रसायनही तेच आहे. वासराला हगवण लागली की दूध तोडण्याची चाल आहे. तेथेही पशुवैद्यक सांगतात, दूध तोडू नका, मधल्या वेळी क्षारयुक्त पाणी पाजा. गोठ्यातला आणि घरातला नियम असा एकच ठरतो.

आता देणगीदारांना एक विनंती. यंत्रे मोठी असतात, त्यांवर दात्याचे नाव कोरता येते, आणि त्यांचे ऋण आम्ही कधीही विसरणार नाही. मूत्रतपासणीच्या पट्टीवर नाव कोरता येत नाही. ती काही रुपयांची वस्तू. वापरली की टाकून द्यावयाची. डबी उघडून ओलाव्यात राहिली की पट्ट्या खराब होतात. म्हणून पावसाळ्यात, नेमक्या गरजेच्या दिवसांत, त्या अधिक वेळा नव्याने घ्याव्या लागतात. जलसंजीवनी, जस्ताच्या गोळ्या, रक्तशर्करा मोजण्याच्या पट्ट्या यांचीही तीच गत. अशा उपभोग्य वस्तूंसाठी वेगळे देणगीखाते क्वचितच कोणी उघडते. पण रात्री दोन वाजता, पंचवीस किलोमीटरवरून आलेल्या बापाच्या खांद्यावरचे मूल उपाशी आहे की मधुमेही आहे, हा प्रश्न मोठ्या यंत्राच्या आधी ही पट्टीच सोडवते. ती त्या वेळी टेबलावर असली पाहिजे. आमच्या प्रत्येक वॉर्डात आणि बाह्य केंद्रावर ती सदैव असावी, एवढ्यासाठी एक छोटा कायम निधी उभारण्याची सूचना आम्ही विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे मांडतो.

आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना एवढेच सांगणे : जुलाबात पाणी तोडू नका, अन्न तोडू नका, इन्सुलिन आपल्या मनाने तोडू नका. शरीराची ठेव मोडली जात असेल तर ती का, हे विचारावयास आमच्याकडे या. दार रात्रीही उघडे असते.