पोरगा आखाड्यात उतरतो तेव्हा



आमच्या काटोलच्या संत्राबागांकडे एखादा बाप अभिमानानं सांगतो, "दोन्ही पोरं आखाड्यात जातात, गुरुजी!" पंधरा-सोळा वर्षांचं पोर पहाटे उठून जोर-बैठका काढतं, छाती फुगणारच. पण अभिमान धरावा तो कशाचा?

कराडजवळच्या गोळेश्वरचे दादासाहेब जाधव स्वतः पैलवान. धाकट्या खाशाबाला त्यांनी लहानपणीच मातीत उतरवलं. पोरगा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. मातीतल्या गड्याला तिथली गादी नवी होती. ते खचले नाहीत. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! आणि शिक्षक मित्रहो, त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं.

जिंकलेल्या पोराला सारा गाव खांद्यावर घेतो. चीत झालेलं पोर मात्र एकटंच घरी येतं. तेव्हा बापानं पाठीवर हात ठेवावा, गुरुजींनी राहिलेला धडा पुरा करून घ्यावा. दुसऱ्या पहाटे ते पोर पुन्हा मातीत उतरलं, तर बंधूंनो, खुशाल छाती फुगवा!