पाण्यावरचा रस्ता: शिवसागरातला तराफा

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय तुम्ही शंभर टक्के मोबाईलवर पाहिलेला आहे. ड्रोनमधून घेतलेला शॉट असतो. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मध्ये निळंशार पाणी आणि त्या पाण्यावरून सावकाश सरकणारा एक लोखंडी तराफा. तराफ्यावर एक एसयूव्ही, तिच्या बॉनेटवर टेकून उभे असलेले दोन मित्र आणि खाली कॅप्शन, 'मिनी काश्मीर'.

हे ठिकाण म्हणजे तापोळा. महाबळेश्वरहून 25-30 किलोमीटर घाट उतरलात की तुम्ही इथे पोचता. साताऱ्याहून कासमार्गे आलात तर बामणोली लागते. दोन्ही गावं एकाच जलाशयाच्या काठावर आहेत. त्याचं नाव शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. वासोट्याला गेला असाल तर याच पाण्यातून बोटीने गेला असाल.

माझं आजोळ याच पाण्याच्या पलीकडे आहे. त्यामुळे त्या रीलमध्ये माझी नजर एसयूव्हीकडे जात नाही. ती जाते तराफ्याच्या कडेला पिशव्या घेऊन बसलेल्या बाईकडे. तिच्या पिशवीत रेशन असतं, औषधं असतात, एखादवेळी गॅस सिलेंडरही शेजारी उभा असतो. तुमच्यासाठी ती वीकेंडची राइड आहे आणि तिच्यासाठी तो घरी जायचा रस्ता आहे. आज मला एवढंच सांगायचंय, पण त्यामागची गोष्ट मोठी आहे.

मुळात इथे तलाव नव्हताच. कोयना, सोळशी आणि कांदाटी अशा तीन नद्यांची खोरी होती. नदीकाठाला भातखाचरं होती, गावं होती, एका गावातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या पायवाटा होत्या. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणात पाणी अडवायला लागले आणि हे सगळं खाली गेलं. शंभरच्या आसपास गावं बाधित झाली. कुणी सोलापूर-सांगलीकडे गेलं, कुणी ठाणे-रायगडात. काहीजण मात्र सरकत सरकत डोंगरावर गेले आणि तिथेच राहिले. माझे आजोबा त्यातले. जमीन गेली, पण डोंगर सोडवेना.

आता विचार करा. ज्या गावाला आधी नदी ओलांडून तासाभरात चालत जाता यायचं, त्याच्या आणि तुमच्या मध्ये अचानक एवढं पाणी आलं. काठाकाठाने जायचं तर प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी पाणी आत घुसलेलं, म्हणजे डोंगराला लांबच लांब वळसा. म्हणून लाँच आली आणि गाड्यांसाठी तराफा आला. म्हणजे बुडालेल्या रस्त्याच्या जागी आलेला हा रस्ता आहे.

तराफा चालतो कसा, हेही ऐका. सपाट बुडाचा लोखंडी सांगाडा, त्याला इंजिन आणि काठाला टेकवायला पुढे एक फळी. गाडी शक्यतो रिव्हर्समध्ये चढवतात, म्हणजे पलीकडे सरळ तोंडाने उतरता येते. गाड्या मधोमध, वजन दोन्ही बाजूंना सारखं, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, चाकाला आडवा ओंडका किंवा दगड. आणि माणसांनी गाडीतून खाली उतरायचं. हे शेवटचं पाहुण्यांना फार जड जातं. एसी चालू असतो ना! पण पाण्यात काही झालंच तर बंद काचांच्या गाडीतून बाहेर पडायला वेळ मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

आता या प्रवासातली खरी गंमत. इथला धक्का वर्षभर एका जागी राहत नाही. कोयना धरण भरलं की त्यात 105 टीएमसी पाणी असतं. पावसाळ्याच्या शेवटी पाणी अगदी झाडीला टेकलेलं असतं. तिथून ते उतरायला लागतं आणि जूनच्या सुरुवातीला कित्येक वर्षी साठा 20 टीएमसीच्याही खाली गेलेला असतो. मे महिन्यात तुम्ही गेलात तर निळं पाणी कुठेतरी खाली, मध्ये तडे गेलेला गाळ आणि त्यातून चाकोऱ्या पाडत गेलेली वाट दिसेल. पाणी जसं मागे जातं, तशी गाडी चढवायची जागाही खाली सरकते. आजी म्हणायची, "पाणी उतरलं की आपलं गाव आणखी लांब जातं बघ."

हे पाणी जातं कुठे? काही पूर्वेला, कोयना नदीतून कृष्णेकडे, शेतीसाठी. बरंचसं मात्र सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पडतं आणि त्यावर वीज तयार होते. कोयना प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. पश्चिमेकडे वर्षाला किती पाणी वळवायचं याला कृष्णा पाणी तंटा लवादाने 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. वीज तयार झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळतं.

म्हणजे बघा, संध्याकाळी आपण सगळे घरी येतो, दिवे, पंखे, टीव्ही सगळं एकदम चालू करतो. विजेची मागणी अशी अचानक वाढते तेव्हा कोयनेसारखं जलविद्युत केंद्र पटकन चालू करता येतं. कोळशाच्या केंद्राला ते इतक्या झटपट जमत नाही. म्हणून कोयना राज्यासाठी इतकी महत्त्वाची. तुम्ही आत्ता ज्या मोबाईलवर मला ऐकताय, त्याच्या चार्जिंगमध्येही कधीतरी या पाण्याचा वाटा असेल. आणि त्या पाण्याखाली कुणाचं तरी भातखाचर आहे. मी हे कुणाला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. हिशोब माहीत असावा, एवढंच.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. तलाव म्हणजे समुद्र थोडीच, लाटा कुठे असतात, असं आपल्याला वाटतं. तलावातल्या फेरीबोटीही बुडतात. आफ्रिकेतला व्हिक्टोरिया तलाव तर प्रचंड मोठा, तिथल्या बेटांवरच्या लोकांसाठी फेरीबोट म्हणजे आपल्याकडची एसटी. 20 सप्टेंबर 2018 ला टांझानियात उकारा बेटाजवळ 'एमव्ही न्येरेरे' ही फेरीबोट धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर उलटली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं चढली होती. 200 हून अधिक लोक गेले. किनारा समोर दिसत होता.

म्हणून आपल्या तराफ्यावर कुणी म्हणालं, "आता बास, पुढच्या फेरीला या," तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला, फोटोपुरतं नको. फोटोसाठी सगळे एका कडेला गोळा होऊ नका. आणि पावसाळ्यात धुकं किंवा वारा आहे म्हणून फेरी थांबली, तर ती तुमच्याचसाठी थांबली आहे असं समजा.

आता जरा नाजूक मुद्दा. सुट्टीच्या दिवसांत तापोळ्याला गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत पाहुण्यांच्या गाड्या असतात आणि एखादी पेशंट घेऊन निघालेली जीपही असते. मामा मुंबईत माथाडीचं काम करायचा, आता गावी असतो. एकदा मी त्याला विचारलं, "मामा, एवढे पाहुणे येतात त्याचा तुला राग येत नाही का?" तो म्हणाला, "राग कशाला येईल गं? पाहुणा आला तर चार पैसे मिळतात. पण दवाखान्याच्या गाडीला आधी जाऊ द्यावं, एवढं कळायला शिक्षण लागत नाही."

मामाचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पर्यटनामुळे इथे टेंट आले, होमस्टे आले, बोटी चालवणाऱ्या पोरांना घराजवळ काम मिळालं. ज्या खोऱ्यातली तरणी माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला जात होती, तिथे हे छोटं नाही. फक्त रस्ता सगळ्यांचा आहे आणि त्यावर आधी हक्क कुणाचा, हे आपण विसरायचं नाही.

आणि पूल? हो, तापोळ्याजवळ शिवसागरावर पुलाचं काम हाती घेतलं गेलंय. पूल व्हायलाच हवा. रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर माणूस सकाळच्या पहिल्या फेरीची वाट बघू शकत नाही. 'तराफा किती रोमँटिक, पूल आला की मजा जाईल' असं म्हणणाऱ्यांना मी सांगते, तुम्ही एक पावसाळा पलीकडे राहून बघा.

पण एक पूल म्हणजे सगळ्या वाड्यांचा प्रश्न सुटला असंही नाही. जलाशय लांबलचक आहे, तीन खोऱ्यांत त्याची बोटं गेलेली आहेत. पुलापासून दूर असलेल्या वाडीला लाँच आणि तराफा लागणारच. पूल झाला की 'आता फेऱ्या कशाला' असं कुणी म्हणायला नको. शिवाय पूल येणार म्हटलं की जमिनीला भाव येतो. धरणाच्या वेळी आजोबांची जमीन पाण्यात गेली. उरलेला डोंगर पुढच्या पिढीने घाईघाईत विकू नये, असं मला मनापासून वाटतं.

तर पुढच्या वेळी शिवसागरात गेलात की जरूर फोटो काढा, रील बनवा. शेजारी पिशवी घेऊन बसलेल्या आजींना जागा द्या आणि त्यांचं गाव कोणतं ते विचारा. बहुतेक त्या पाण्याकडे बोट दाखवतील आणि सांगतील, जुनं गाव तिथे होतं.

तुमच्याही गावाला जायला नाव, लाँच किंवा जंगल जेटी लागते का? व्हॉइस नोट पाठवा, आपण एखाद्या भागात ऐकूया. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.