रानातली लोकर आणि गावाची राखण

मेंढीची लोकर कातरताना आपण पाहिलीय. पण रानात मोकळ्या फिरणाऱ्या, माणूस दिसला की पळणाऱ्या जनावराची लोकर कुणी कातरतं का? कातरतात. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, अँडीज पर्वतावर. तिथली गोष्ट आज आम्ही तुम्हांला सांगणार आहोत.

त्या जनावराचं नाव विकुन्या. उंटाच्या कुळातला, पण पाठीवर मदार नाही. हरणासारखा सडपातळ, मान लांब, रंग दालचिनीसारखा. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या वर, जिथे रात्री पाणी गोठतं, तिथल्या माळावर तो चरतो. त्या थंडीत तगायचं म्हणून अंगावर अतिशय मऊ, बारीक लोकर.

पूर्वी तिथे इंका राजे होते. विकुन्याचं कापड राजघराण्याचं, आणि राजाच्या हुकमाशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. काही वर्षांनी एकदा हजारो माणसं कडं करून कळप घेरत आणि लोकर कातरून माद्यांना सोडून देत. या रीतीला म्हणतात ‘चाकू’. दचकू नका, आपल्या विळी-चाकूशी त्याचा काही संबंध नाही!

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक आले, बंदुका आल्या. कातरण्यापेक्षा मारून कातडं काढणं सोपं झालं. मादी वर्षाला एकच पिल्लू देते, त्यामुळे तूट भरून निघेना. १९६० नंतरच्या काळात पेरूत जेमतेम ५ ते १० हजार विकुन्या उरले.

मग १९६७ साली पाम्पा गालेरास इथे राखीव रान झालं. १९६९ साली पेरू आणि बोलिव्हियानं करार करून शिकार आणि व्यापार थांबवला. कळप वाढले. पण गावकऱ्यांना प्रश्न पडला, आमच्या अल्पाकांचं गवत हा खाणार, मग आम्ही त्याला का राखायचं? प्रश्न रास्त होता. १९९५ साली कायदा झाला. ज्यांच्या जमिनीवर कळप चरतात, त्या गावसमाजांकडे राखण आली आणि जिवंत जनावराच्या लोकरीचा हक्कही आला.

आता पुन्हा चाकू होतो. आधी धरणीमातेला, त्यांच्या भाषेत पाचामामाला, कोकाची पानं वाहतात. मग बायका, पुरुष, पोरं रंगीत फडकी बांधलेला लांबच लांब दोर धरून माळावर पसरतात आणि हळूहळू कळपाला कुंपणात आणतात. लोकर आखूड असेल तर जनावर तसंच सोडतात. बाकीच्यांची कातरून लगेच मोकळं करतात. एका विकुन्यामागे मिळते साधारण दोन-अडीचशे ग्रॅम, तीही सहसा दोन वर्षांनी एकदा. त्यातले जाड केस हातानं वेचावे लागतात. हे डोळे शिणवणारं काम बहुतेक बायकाच करतात.

२०१२ च्या मोजणीत पेरूत २ लाखांवर विकुन्या भरले. पण गोष्ट इथे संपत नाही. चोरटे शिकारी अजून येतात. खरजेचा रोगही कळपांत पसरतो. आणि लोकरीचं कापड परदेशी दुकानांत लाखोंच्या भावानं विकलं जातं, तेव्हा गावाच्या वाट्याला त्यातला थोडाच पैसा येतो. तो आणखी घटला, तर रात्रीच्या थंडीत राखणीला कोण जाईल? म्हणून काही गावं आता लोकर साफ करून, सूत काढून विकू बघतात.

मैत्रिणींनो, नुसत्या बंदीनं विकुन्या वाचला, पण राखणाऱ्यांचा हक्क मानला तेव्हा तो टिकला. आपल्याही रानातून आपण मध, मोहाची फुलं, तेंदूपानं आणतो. किती घ्यायचं, किती ठेवायचं, राखण कुणाची आणि पैसा कुणाच्या हाती? पुढच्या बैठकीत गटात यावर जरूर बोला.