बेंबी सरकत नाही

मी सर्जन, म्हणजे ऑपरेशन करणारा डॉक्टर. ओपीडीत रोज कुणी ना कुणी येऊन म्हणतं, "डॉक्टरसाहेब, पोट दुखी ऱ्हायनं." नेमकं कुठं, असं विचारलं की छातीपासून मांडीपर्यंत हात फिरवून दाखवतात आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "बेंबी सरकली असेल का?" या कार्यक्रमासाठी श्रोत्यांकडून आलेल्या पत्रांतही तेच.

तर आधी उत्तर देऊन टाकतो. बेंबी सरकत नाही. आईच्या पोटात असताना जी नाळ होती तिचा तो वण आहे, आतल्या पडद्याला घट्ट चिकटलेला. गव्हाचं पोतं उचललं किंवा केळीचा घड खांद्यावर घेतला म्हणून तो जागा सोडत नाही.

मग दुखतं काय? बेंबीच्या खाली ओटीपोट. तिथं आतड्यांची वेटोळी आहेत, लघवीची पिशवी आहे, बाईमाणसाला गर्भपिशवी आणि अंडाशय आहेत. आणि उजवीकडे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारं, करंगळीएवढं अपेंडिक्स. पुस्तकात त्याला आंत्रपुच्छ म्हणतात, पण ओपीडीत तो शब्द वापरला तर पेशंट उठून जाईल.

या करंगळीचं तोंड कधी शौचाच्या कडक खड्यानं बुजतं. आत सूज येते, पू होतो. गंमत अशी, की सुरुवातीला दुखतं ते बेंबीभोवती, कारण आतड्याच्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही. जेवण नको वाटतं, मळमळतं, एखादी उलटी होते. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की दुखणं उजवीकडे खाली उतरतं. म्हणजे दुखणं खरंच सरकतं! लोकांनी पाहिलं ते खोटं नाही. दोष बेंबीला दिला, एवढंच चुकलं.

आणि मग काय होतं? पोट चोळणाऱ्या बाईकडे नेतात. ती तेल लावून अंगठ्यानं दाबते, पणती ठेवून वर तांब्या बसवते. त्यानंही थांबलं नाही तर वाटीभर एरंडेल. अहो, आत पुवानं टरारलेली नळी आहे. जुलाबाच्या औषधानं आतडी जोरात आवळतात, वरून तुम्ही दाबता, मग ती फुटायला किती वेळ लागणार? दुखणाऱ्या पोटाला जुलाब द्यायचा नाही. पोट चोळायचं नाही. पुन्हा सांगतो, कारण एवढं बोलून झाल्यावरही आज रात्री कुणाच्या तरी घरी एरंडेलाची बाटली निघणार आहे: जुलाब नाही, चोळणं नाही.

फुटल्यावर काय होतं तेही ऐका. काही वेळ कळ चक्क कमी होते. घरचे म्हणतात, बघा, एरंडेल लागू पडलं! मग ताप चढतो, पोट फळीसारखं टणक होतं आणि तेव्हा कुठं गाडी शोधायला निघतात. मागच्या उन्हाळ्यात चौदा वर्षांची एक पोर अशी चौथ्या दिवशी आली. घरात मोठ्या बहिणीचं लग्न होतं, हळदीच्या दिवसापासून दुखत होतं, वरात निघेपर्यंत ती बोललीच नाही. वाचली, पण बारा दिवस दवाखान्यात राहिली. वेळेवर आली असती तर दोन-तीन दिवसांत घरी गेली असती. इंग्लंडच्या राजाचा, सातव्या एडवर्डचा, राज्याभिषेक 26 जून 1902 ला ठरला होता. देशोदेशीचे पाहुणे लंडनला पोचले होते. पण याच दुखण्यानं 24 जूनला त्याच्यावर ऑपरेशन करावं लागलं आणि राज्याभिषेक ऑगस्टात झाला. राजाचा मुहूर्त टळतो, आणि आपल्याला हळद सोडवत नाही.

घरच्या घरी ओळखायचं कसं? खोकायला सांगा. उजवीकडे खाली कळ आली, तर संशय घ्या. मोटारसायकलवर गतिरोधकाचा दणका बसला की पेशंट ओरडतो का, तेही पाहा. आमच्याकडच्या रस्त्यांचा तपासणीला झालेला हा एकमेव उपयोग. असा माणूस हलायला मागत नाही, पाय पोटाशी घेऊन गप्प पडून राहतो. मुतखड्याचं उलटं. कमरेतून जांघेकडे कळ येते आणि माणूस खाटेवर, खाटेखाली, कुठंच टिकत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला भिडतो तेव्हा असे पेशंट वाढतात. शेतात जाताना पाणी न्या आणि ते प्या.

बायांनो, पाळी चुकलेली असेल, ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल आणि चक्कर येत असेल, तर गर्भ पिशवीऐवजी नळीत असू शकतो. आत रक्त साठतं, बाहेर दिसत नाही. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय म्हणून निर्धास्त राहू नका. सासूबाई काय म्हणतील याचा विचार नंतर करा. मुलग्यांचं वेगळंच. अंडकोशाला पीळ पडला तरी लाजेनं ते पोट दुखतं एवढंच सांगतात, आणि तिथं हातात जेमतेम सहा तास असतात. म्हाताऱ्या माणसाची लघवी अडून ओटीपोट फुगलं, तर त्याच दिवशी आणा. जळजळ, पांढरं जाणं, महिनोन्‌महिने दुखणं, शौचातून थोडंसं रक्त, यांना रात्री पळायची गरज नाही, पण अंगावर काढायचंही नाही.

मेडिकलवरून आणलेल्या गोळीनं कळ बधिर होते, आतली सूज तिथंच राहते. म्हणून नळीतला गर्भ किंवा अंडकोशाचा पीळ यांचा संशय आला तर लगेच, आणि एरवी सहा तासांपेक्षा जास्त दुखलं, ताप आला, उलट्या थांबेनात किंवा पोट कडक झालं, तर निघा. 108 ला फोन करा, गाडी फुकट आहे. आमच्याकडे जळगावला आणि धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं रात्रभर उघडी असतात. निघताना पेशंटला चहासुद्धा देऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं मात्र पिशवीत टाका.

आणि गावातल्या त्या पोट चोळणाऱ्या आजीबाई ऐकत असतील, तर आजी, तुमच्यावर माझा राग नाही. लोक माझ्याआधी तुमच्याकडेच येतात. तेलाची वाटी घेण्याआधी फक्त एवढं करा. उजवीकडे खाली हलकेच बोट टेकवा. पोरगं हात झटकत असेल तर वाटी खाली ठेवा आणि त्याच्या बापाला म्हणा, गाडी काढ.