अंगणातील रंगपरिचय



मूल ‘तांबडा, हिरवा’ असे घोकते, परंतु जास्वंदीचे फूल व पान पुढे ठेवताच गोंधळते. कारण नाव आधी आले, रंग मागाहून. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा शिंपले, पाने, बिया हीच त्यांची साधने झाली. खेड्यात ती विनामूल्य लाभतात. (गुंजा मात्र विषारी, त्या मुलांच्या हाती देऊ नयेत.)

अंगणात तीन रिंगणे आखून एकेका रंगाची वस्तू त्यांत ठेवावी. टाळी वाजताच प्रत्येक मुलाने आपल्या हातातील वस्तू घेऊन जुळत्या रिंगणात धावावे. जुळणी साधली, की ‘हा तांबडा’ असे सांगावे, मग ‘तांबडे आण’, ‘हा कोणता?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी. माँटेसोरी पद्धतीतील क्रमही हाच आहे.

एखादा मुलगा तरीही तांबड्या-हिरव्यात वारंवार चुकतो आणि मठ्ठ म्हणून हिणविला जातो. हा अन्याय होय. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, हा भेद जन्मतःच नीट दिसत नाही. त्यास वर्गापुढे पुन:पुन्हा उभे न करता पालकांस सांगून डोळे तपासून घ्यावेत, आणि खेळात त्याच्या हाती निळी वा पिवळी वस्तू द्यावी.