मशेरीला मिळालेला गुण



कराडला लागून असलेल्या मलकापुरात कृष्णा विश्व विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. दाताच्या दवाखान्याची पायरी माणूस चढतो ती बहुधा दाढ ठणकायला लागल्यावरच, मग तो पाटणचा असो की शिराळ्याचा. त्याआधी दातांविषयी त्याच्या मनात काय असतं, हे जाणून घ्यायला अभ्यासक प्रश्नावली वापरतात. ती बहुतेक वेळा परदेशात तयार झालेली असते.

अशीच एक नावाजलेली प्रश्नावली हिरोशिमा विद्यापीठातली. माकोतो कावामुरा यांनी ती १९८८ च्या सुमारास मांडली. विधानं २०, आणि प्रत्येकाला ‘पटतं’ किंवा ‘पटत नाही’ एवढंच सांगायचं. त्यांतल्या १२ विधानांना एकेक गुण. ती बऱ्याच भाषांत गेली, अरबीतही.

तिच्यातलं अकरावं विधान ऐका : ‘पेस्ट न वापरताही मला दात चांगले साफ करता येतात.’ पटतं म्हणाल, तर एक गुण तुमचा. ब्रश नीट फिरवला की मळ निघतो, पेस्ट नसली तरी अडत नाही. तेव्हा गुण रास्तच. अरबी मुलखात पुष्कळ लोक पीलूच्या झाडाची काडी चावून, तिचा कुंचा करून दात घासतात. तिला मिसवाक म्हणतात. तिथला माणूस ‘पटतं’ म्हणाला, तरी फारसं बिघडत नाही.

आता हेच विधान आमच्या वाळव्याकडच्या एखाद्या आजीपुढं ठेवा. ती म्हणेल, “व्हय की! पेस्ट कशाला लागतीया? मी मशेरी लावती.” झाला की गुण जमा!

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू. चुरून तिची पूड करायची आणि बोटानं हिरड्यांवर चोळायची. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, रानात भांगलताना जरा टेकल्यावर. दात घासणं हे निमित्त, खरी ती तलफ. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं ठामपणे सांगणाऱ्या बाया घरोघरी भेटतील. १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात बंदी आली, २०१२ मध्ये राज्यात गुटखा बंद झाला; पण घरच्या तव्याला कुठला कायदा आडवा येणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा बिनधुराची तंबाखू वापरणारा निघाला. तोंडाच्या कर्करोगाचं हे एक मोठं कारण. आणि आपला कागद तिला शाबासकी देतो!

गंमत अशी, की भाषांतरात इथं काहीच चुकलेलं नाही. रीतीप्रमाणं दोघांनी वेगवेगळं मराठी केलं, तिसऱ्यानं मूळ न बघता ते उलट फिरवलं, तज्ज्ञांनी जुळवून पाहिलं, तरी हे विधान बिनबोभाट पास होईल. ते अडेल ते पुढच्या पायरीवर. तीस-चाळीस जणांना प्रश्न वाचून दाखवायचे आणि लगेच विचारायचं, ‘मावशी, हे ऐकून तुमच्या मनात काय आलं?’ माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि घाईत बहुधा हीच उरकली जाते.

त्यातही एक मेख आहे. समोर पांढरा कोट दिसला की आपल्याकडची माणसं भिडेपोटी सगळ्यालाच होकार देतात. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर सून मशेरीचं नावही काढत नाही. म्हणून विचारणारी बाई गावातलीच, ओळखीची असावी, आणि जमल्यास एकटीला गाठावं. अकराव्या विधानाआधी साधा प्रश्न घालावा : दात कशानं घासता? उत्तर मशेरी आलं, तर त्या विधानाचा गुण धरू नये आणि मशेरी दिवसातून किती वेळा लावता, ते वेगळं लिहून घ्यावं. असा बदल केला की बेरीज जपानशी थेट ताडता येत नाही, हे खरं. त्याला माझी हरकत नाही.

तुमच्या दारी कुणी असा कागद घेऊन आलं आणि प्रश्न उमगला नाही, तर ‘कळलं नाही’ असं बेधडक सांगा. तेही लिहून घ्यायचं असतं.