पळस्पे फाट्यावरचं हॅम्बुर्ग

मागे हॉर्न ऐकू येत असतील तर सांभाळून घ्या, कारण मी पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर उभा आहे. समोरून न्हावा-शेवाचे ट्रेलर चाललेत. एकावर केशरी कंटेनर आहे, हापाग-लॉइडचा. ही कंपनी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदराची. म्हटलं, आज सिनेमातल्या बंदरांवरच बोलू.

हॅम्बुर्गचा गाजलेला सिनेमा म्हणजे १९४४ चा ‘ग्रोसे फ्रायहाइट नंबर ७’. खलाशी, गुत्ता, अ‍ॅकॉर्डियन आणि गाणारा हान्स आल्बर्स. पण खरं हॅम्बुर्ग १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं होतं. शूटिंगचा बराच भाग प्रागमध्ये झाला. वर गोबेल्सने सिनेमावर जर्मनीत बंदी घातली! १९७७ मध्ये विम वेंडर्सने ‘द अमेरिकन फ्रेंड’मध्ये तेच बंदर दाखवलं, पण गाणी गायब. तिथे आजारी, एकटा पडलेला एक फ्रेम बनवणारा आहे, आणि मागे क्रेन.

आपल्याकडे १९७५ चा ‘दीवार’ आठवा. गोदीत हमाली करणारा अमिताभ, ७८६ चा बिल्ला, हप्ता द्यायला नकार. त्या बंदरात माणसं होती, घाम होता, मजुरी होती.

मग १९८९ मध्ये खाडीपलीकडे जेएनपीटी सुरू झालं. माल डब्यात बंद झाला, पाठीवरची गोणी गेली. आणि ज्या पट्ट्यात हे बंदर आलं, तिथल्या जमिनीची गोष्ट त्याआधीची. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींना न्याय्य मोबदला मिळावा म्हणून जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. आपण घरी ज्याला ‘साडेबारा टक्के’ म्हणतो, त्यामागे हे रक्त आहे. खरं सांगा, ‘दीवार’ तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? आणि हे पाच जण किती जणांना माहीत आहेत?

माझे मामा ट्रेलर चालवतात. त्यांना मी मोबाइलवर वेंडर्सचा सिनेमा दाखवला. थोडा वेळ बघून म्हणाले, “क्रेन झकास दिसते रे. पण ती चालवणारा कुठाय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आज रात्री मामांच्या केबिनमध्ये बसून बंदरापर्यंत जाणार आहे, रेकॉर्डर चालू ठेवून. तुमच्याही घरात कोणी ड्रायव्हर, क्लार्क किंवा जमीन गेलेले आजोबा असतील, तर त्यांना बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

पुढच्या भागात मामा बोलतील. भेटूया!